चौदा दिवसांचं पाणी

गोडादरा, सुरत
१२ ऑक्टोबर १९९८

प्रिय उज्ज्वला,

तुझं पत्र पोचलं. गावाकडचं बस्तान हलवून, अर्धं राहिलेलं घर पुरं करून आईला घेऊन सुरतेला यायचं ठरवलंस, वाचून डोळे भरून आले. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकातल्या पाच शब्दांचे अर्थ विचारलेस आणि खाली लिहिलंस की हे नुसतं माहीत असावं म्हणून, काम बळीराममामाच करणार. बारावी झालेली पोर सातवी नापास गवंड्याला अर्थ विचारते, म्हणजे गंगा उलटीच वाहायला लागली. पण या पाच शब्दांपुरता मी मास्तर आहे, तेव्हा ऐक.

प्लिंथ म्हणजे आपलं जोतं. मी सांगितलं त्याहून ते दोन थर उंच आहे, कारण तुझ्या वडिलांनी, चिंधादाजींनी, हट्टच धरला. भाड्याच्या खोलीत खाडीचं पाणी शिरून तुझी वह्यापुस्तकं भिजली होती, ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. कापडाच्या लूमवर बारा तास उभे राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी मला विटा द्यायला यायचे. लिंटेल म्हणजे दाराच्या डोक्यावरची काँक्रीटची पट्टी, वरच्या भिंतीचा भार ती झेलते. दाजी पाच फूट तीन इंच, आणि दार हवं सात फुटी! तुझी आई, उषाताई म्हणाली, घरात उंट बांधायचाय का. तर म्हणाले, जावई उंच निघाला तर त्याला वाकायला नको. तू लाजून पळालीस आणि वाळूच्या ढिगात पडलीस, आठवतं?

सेंटरिंग म्हणजे ओला स्लॅब धरून ठेवणाऱ्या खालच्या फळ्या आणि टेकू. स्लॅब पक्का झाला की ते काढतात. पितृपक्ष लागायच्या आत भरायचा म्हणून आपण विसर्जनाच्या आदल्या दिवशी स्लॅब भरला. ताईनं सगळ्या मजुरांना वरण-बट्टी वाढली. मी स्वतःच्या नावावर घेतलेला तो पहिला स्लॅब. त्याआधी मी कायम दुसऱ्याच्या हाताखाली होतो, त्यामुळे त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा. तो राहूनच गेला.

पाचवा शब्द क्युरिंग. तो मी मागे ठेवला, तुझ्या लक्षात आलं असेल. क्युरिंग म्हणजे भरलेल्या स्लॅबला पाणी पाजणं. दाजींनी वर मातीचे बांध घालून शेतातल्यासारखे वाफेच केले होते आणि ते सकाळ-संध्याकाळ बादल्यांनी भरत होते. पाचव्या दिवशी प्लेगची बातमी पसरली. उधना स्टेशनवर भुसावळच्या गाडीत आपण कसे घुसलो ते तुला ठाऊक आहे. दाजीही आपल्याबरोबर चढले होते, मांडीवर गाठोडं घेऊन बसले होते. गाडी सुटायच्या आधी ते उतरले. तू आणि ताई आजवर समजत आलात की घराच्या वेडापायी उतरले.

तसं नव्हतं, पोरी. तुम्ही दोघी वर सामान लावत होतात तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "भाऊ, आते पानी नई मारं ते चाली का?" चाललं असतं. पाच दिवस पाणी प्यालेला स्लॅब कोसळत नसतो. फार तर बारीक भेगा पडल्या असत्या, त्या बुजवता येतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण पहिल्याच स्लॅबला भेगा पडल्या तर लोक काय म्हणतील, हेच माझ्या मनात आलं. मी म्हणालो, चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. त्यांनी गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि उतरले. मी त्यांचा हात धरला नाही.

शेजारच्या पुष्पाबाईंनी नंतर सांगितलं, अंगात ताप असताना ते बादल्या घेऊन शिडी चढत होते. ताप कसला होता, ते कोणी नीट सांगितलं नाही. चौदा दिवस त्यांनी पुरे केले आणि सोळाव्या दिवशी गेले. आपण गावाहून परत पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि तेव्हाही मी गप्प राहिलो. ताई माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली.

काम मामाच करणार, असं तू लिहिलं नसतंस तर कदाचित मी जन्मभर बोललो नसतो. पण हे लपवून त्या स्लॅबवर वीट ठेवायला माझा हात धजणार नाही. आता काम कोणाला द्यायचं ते तू ठरव, ताईला हे वाचून दाखवायचं की नाही तेही तूच ठरव. यंदा तिची राखी आली, ती मी बांधली नाही. घराची किल्ली पुष्पाबाईंकडे देऊन ठेवली आहे. चार वर्षं दर पावसाळ्यात मी आत जाऊन छताखाली उभा राहतो आणि ओल शोधतो. एखादी तरी भेग सापडावी असं फार वाटतं. एकही नाही.

अजून म्हणू देशील तर,
तुझाच
बळीराममामा