फटीतली पाथरी

बेळगाव,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय दीपंकर,

सप्रेम जयभीम. निपाणीत सगळे बरे असाल. फोनवर तू दर वेळी विचारतोस, "आई बोलती का गं आक्का?" आणि मी नेटवर्कला दोष देऊन फोन ठेवते. म्हणून हे पत्र.

आमच्या अपार्टमेंटशेजारचा रिकामा प्लॉट तू पाहिलायस. तीन बाजूंनी इमारती, समोर गटार, आणि मधल्या एवढ्याशा मातीत पाथरी, घोळ, टाकळा अशा रानभाज्या. शहरात रानाचे असे तुकडे उरतात, बी मातीत तग धरून राहतं, हेच मी कॉलेजात शिकवते. आई रोज तिथं उकिडवी बसून भांगलायची, तंबाखूच्या रानात रोजानं भांगलायची तशीच. गाजरगवत उपटून बाजूला, पाथरी ओटीत. या आजारात आपली नावं विसरली, पण पाल्याची एकूण एक नावं तिला येत होती. घरात मला ती 'ओ बाई' म्हणायची. तिथं मात्र म्हणायची, "पारे, मुळासकट काढू नगंस गं. दीपा कडू म्हणून खाईत न्हाय, त्याला वाईच गूळ दे."

साप निघाला म्हणून प्लॉट साफ केला, असं मी तुला सांगितलं होतं. साप निघाला नव्हता. आमच्या प्राचार्यांच्या पत्नी, कल्याणीताई, आमच्या गॅलरीतून खाली बघत म्हणाल्या, "मॅडम, ही बाई तुमच्याकडं कामाला आहे का?" मी हो म्हणाले. आई खाली मातीत होती, तिनं वर पाहिलं. त्याच संध्याकाळी मी प्लॉटमालकाला फोन केला. वाटलं, नुसतं गवत कापतील. त्यांनी तणनाशक मारलं आणि पार्किंगसाठी सिमेंटचे ब्लॉक बसवले.

आई मला ओळखत नाही ते आजारामुळं. मी तिला ओळख दिली नाही ती पूर्ण शुद्धीत.

दोन महिने झाले. ती बोलत नाही. बाल्कनीतल्या फरशीच्या सांध्यात नखं घालत बसते. परवा गटाराच्या फटीत एक पाथरी उगवलेली दिसली. मी वेड्यासारखं आईला हात धरून खाली नेलं. तिनं पाथरीकडं पाहिलं. मग म्हणाली, "ओ बाई, मला घरला सोडा. लेकरं वाट बघत्यात."

पाथरीला तेवढी फट पुरली रे.

तुझी आक्का,
जिला पारी म्हणणारं आता कुणी नाही.