थांबवून ठेवलेला अपडेट

१ मार्च, शनिवार

गेला! पहिलाच वर्ग आणि सतराव्या मिनिटाला पडदा निळा! सहा मुली पडद्यावर बसलेल्या, "ऊट आतेन्री?" — जेवण झालं का — एवढंच शिकवून झालं होतं. पाच जणींनी म्हणून दाखवलं, सहावीनं तोंड उघडलं आणि कॉम्प्युटर आपला आपणच बंद होऊन आपला आपणच सुरू झाला. अपडेट चालू आहे म्हणे, बंद करू नका म्हणे. पस्तीस टक्के. मग पस्तीस टक्के. मग पुन्हा पस्तीसच! बारा वाजता शंभर झाले तोवर मुली कधीच निघून गेल्या होत्या.

ह्यांना विचारलं, असं का करतो हा? "सूचना आली आसंल. तू वाचली न्हाईस." झालं! खापर माझ्याच डोक्यावर.

मी शिक्षिका झाले याचंच मला अजून नवल वाटतं. मराठी मुली कानडी घरात सुना होऊन जातात, तिथं सासूशी बोलायचं कसं? त्यांच्यासाठी लातूरच्या 'सीमाबोली' संस्थेनं हे घरबसल्याचे वर्ग काढले. बुधवार-शनिवार, अकरा ते बारा. माझं माहेर मुरूम, घरचं बोलणं कानडी, शाळा मराठी, म्हणून मला घेतलं. पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी मला मॅडम म्हणालं. तेही सतराच मिनिटं.

३ मार्च

साहेबांनी कारभार हातात घेतला. साहेब म्हणजे आमचे हे, विरुपाक्ष, उमरगा एसटी स्टँडचे निवृत्त कंट्रोलर. एकवीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहिल्या, म्हणून जगात बिघडतं ते फक्त वेळापत्रक, अशी त्यांची खात्री. चष्मा पुसून सेटिंगमध्ये शिरले. तिथं विचारतात, तुम्ही कॉम्प्युटर कुठल्या वेळेत वापरता? त्या वेळेत अपडेट मध्ये कडमडणार नाही. ह्यांनी टाकलं, सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहा. घेईना! अठरा तासांच्या वर घेतच नाही.

"म्या चोवीस चोवीस तास ड्युटी केली. ह्याला अठरा झेपतेत व्हय!"

शेवटी सकाळी सहा ते रात्री बारा. मग लाल शाईनं पाटी लिहून कॉम्प्युटरच्या कपाळावर चिकटवली — 'अपडेट सुटण्याची वेळ ००.०० ते ०६.००. इतर वेळी फलाटावर लागणार नाही.'

५ मार्च, बुधवार

लागला!! पावणेअकराला बटण दाबलं तो पडदा निळाच उगवला. वर्ग बुडाला. पाटी आहे तिथंच आहे.

दुपारी संस्थेच्या राजेश्वरी मॅडमचा फोन. बोलल्या गोड, पण बोलल्या. "ताई, दोनदा झालं. तिसऱ्यांदा वर्ग तुटला तर तुकडी दुसऱ्यांकडे द्यावी लागेल. माझा इलाज नाही." हो हो म्हणाले आणि फोन ठेवला. मला हा वर्ग हवा आहे. कुणाला सांगायची लाज वाटते, पण हवा आहे. लग्न, मुलगा, सासूबाईंचं आजारपण, सगळं केलं, नेटकं केलं. पण हे एक मी स्वतःहून मागितलेलं.

सिद्धम्माला, धाकट्या बहिणीला, फोन लावला आणि कानडीत पोटभर बोलून घेतलं. म्हणाले, "बाई गं, कॉम्प्युटर तरी महिन्याला सुधारतो, आमच्या माणसाला बनवणारी कंपनीच बंद पडलीय!" ती खदखदून हसली. हे समोरच पेपर वाचत होते. हे एक बरं आहे. हे कळंबचे, त्यांना कानडीचा गंध नाही. लग्नातच म्हणाले होते, "डब्यात खडे वाजवल्यागत वाटतंय." तेव्हापासून डबा मी त्यांच्यासमोरच वाजवते.

६ मार्च

चोर सापडला! घरातच निघाला.

हैदराबादहून बसवेशनं, आमच्या मुलानं, फोनवर वडिलांची उलटतपासणी घेतली. "अप्पा, अपडेटला रात्रीची वेळ दिलीत ना?" दिली. "रात्री कॉम्प्युटर चालू असतो ना?" छे! रात्री नऊला भिंतीवरचं बटण बंद. शेवटची गाडी गेली की स्टँडचे दिवे मालवायचे, तशी ह्यांची जन्माची सवय. मिक्सर, टीव्ही, कॉम्प्युटर, सगळ्यांची रोज वीज तोडून, दोनदा हात लावून बघूनच झोपतात.

म्हणजे पाहुण्याला जेवायला बारा वाजता बोलवायचं आणि नऊलाच दार लावून घ्यायचं! मग तो बिचारा सकाळी दार उघडल्या उघडल्या ताटावर बसतो. नेमका माझ्या वर्गाला.

बसवेश म्हणाला, "एक रात्र चालू राहू द्या, सगळं होऊन जाईल." हे म्हणाले, "माणसं झोपलेली आन् यंत्र जागं, आसं ह्या घरात व्हायचं न्हाय." बसवेशनं मग फोनवर मला मागितलं. म्हणाला, "आई, तू बघ काही जमतंय का." तीस वर्षं तेच बघतेय रे बाबा.

७ मार्च

साहेबांनी नवा शोध लावला. सेटिंगमध्येच एक कळ आहे, अपडेट थांबवून ठेवायची. एक आठवडा, दोन, असं करत पाचपर्यंत जातं. ह्यांनी थेट पाच दाबले. छाती अशी फुगली की विचारू नका! "गाडी आउटरलाच रोखून धरली बघ."

मी म्हणाले, अहो, आउटर सिग्नल रेल्वेला असतो, एसटीला नसतो. चहा न पिताच उठून गेले.

८ मार्च, शनिवार

वर्ग झाला. पूर्ण तास! पहिला नमस्कार त्या साठ मिनिटांना.

१९ मार्च, बुधवार

कळंबची निकिता हुशार आहे, पण घाबरट. अक्षय्य तृतीयेला लग्न, सासर कर्नाटकातल्या आळंदचं. होणाऱ्या सासूला मराठीचं अक्षर येत नाही. परवा फोनवर सासू काहीतरी लांबलचक बोलली, ही नुसती हो हो करत राहिली. नंतर कळलं, त्या विचारत होत्या, तुला आमचा मुलगा पसंत नाही का! रडली बिचारी वर्गात. म्हणाली, "मॅडम, लग्नाआधी मला त्यांच्याशी दहा मिनिटं तरी नीट बोलायचंय. मला मुकी समजतील हो."

बोलशील, म्हणाले. शब्द देऊन बसले आहे.

२३ मार्च

सिद्धम्माचा फोन. पाऊण तास. ह्यांच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली, मग हे मला बघायला आले तेव्हा भावाचं घड्याळ घालून आले होते आणि ते बंद होतं, ती गोष्ट सांगितली. पेपरात काय विनोदी आलं होतं कोण जाणे, हेही पलीकडं हसत होते. शेवटी मी तिला माझ्या टाचा दुखतात म्हणाले. ह्या चपला दगड झाल्यात, पण सांगायचं कुणाला, असं म्हणून फोन ठेवला.

२५ मार्च

हे बाजारातून मऊ तळव्यांच्या चपला घेऊन आले! माझ्या मापाच्या! "सहज दिसल्या, घेतल्या." तीस वर्षांत या माणसाला सहज काही दिसलेलं नाही. सुधारतायत की काय?

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. ह्यांनी कॉम्प्युटरलाही कुंकू लावलं. तोही आता गुणी झालाय म्हणे.

९ एप्रिल, बुधवार

राजेश्वरी मॅडम येत्या शनिवारी वर्गात बसून बघणार आहेत. तसं ठरलेलंच होतं, दोनदा तुटलेल्या वर्गाची पाहणी. नीट झाला तर पुढच्या दोन तुकड्या मलाच. नाही तर हीसुद्धा गेली.

निकितानं त्याच दिवशी होणाऱ्या सासूबाईंना वर्गात बोलवायचं ठरवलंय! दहा मिनिटं, सगळ्यांसमोर. "मॅडम, तुम्ही बाजूला असलात की मला धीर येईल." हो म्हणाले. झोप उडाली.

११ एप्रिल, शुक्रवार

कॉम्प्युटरच्या खालच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका आलाय. ह्यांना दाखवला. "आसू दे, पाच आठवडे आपण रोखलंय त्याला."

पाच आठवडे कधी सुरू झाले हो? विचारलं, तर म्हणाले, लिहून ठेवलंय. कागद शोधला. पाटीच्या मागं लिहिलेलं. सात मार्च! बोटांवर मोजलं. आज भरले.

म्हटलं, अजून पाच आठवडे दाबा. दाबायला गेले, तर म्हणतो, आधी अपडेट घ्या, मग थांबवू. म्हटलं, मग आजची रात्र चालू राहू द्या, हात जोडते. हो म्हणाले. चक्क हो म्हणाले! माझं तोंड बघून म्हणाले असतील.

१२ एप्रिल, शनिवार, सकाळी १०.४०

भिंतीवरचं बटण बंद!

रात्री नऊला उठले असतील आणि हात आपोआप गेला असेल. मुद्दाम नाही केलं, मला माहीत आहे. पण रडू आलं. चालू केला, पडदा निळा. चार टक्के.

हे लिंगपूजेला बसलेत, दाराला आतून कडी. पूजेत बोलत नाहीत आणि मोबाईल त्यांच्यापाशी आत. माझा तर बटणांचा. चौरस्त्यावर गौरीशंकरचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथं जाते. नव्या चपला घालून पळते. पंधरा मिनिटांचा रस्ता.

सात टक्के.

१२ एप्रिल, दुपारी

गौरीशंकरकडे रांग. कॉम्प्युटर हाती लागून वर्ग उघडेपर्यंत अकरा वीस. उघडला, तर पडद्यावर छताचा पंखा आणि अर्धं कपाळ. कपाळाला विभूती. आमच्या घरातला पंखा! वर्गाची लिंक ह्यांच्याच मोबाईलवर येते; पूजा आटोपून निळा पडदा बघितला आणि अकराच्या ठोक्याला मोबाईलवरच वर्ग उघडून बसले होते.

आणि आवाज. कानडीत! अडखळत नाही, शोधत नाही, मुरूमच्या ओट्यावर बसल्यासारखं बोलतायत. निकिताची सासू हसतेय, निकिता उत्तरं देतेय, हे मध्येच तिला हळूच शब्द पुरवतायत. राजेश्वरी मॅडम मान डोलवतायत. वर्ग तुटला नव्हता. एक मिनिटही नाही.

घरी आले. विचारलं, कधीपासून येतं?

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासनं. गुलबर्ग्याच्या गाड्यांचे डायवर काय मराठीत भांडायचे व्हय?"

म्हणजे घोरणं. घड्याळ. बंद पडलेली कंपनी. तीस वर्षांचं सगळं!! धरणीमाय, पोटात घे.

मग बोलला का नाहीत?

पेपराची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "तू मला कधी काय सांगितलंस? दुखलं-खुपलं समदं सिद्धम्माला. मला समजतंय म्हणलो असतो, तर तेबी ऐकू आलं नसतं."

सिद्धम्माचा फोन वाजतोय. हे समोरच बसलेत. काय बोलू?