भोंपू आणि माइक

फाल्गुन वद्य षष्ठी, सोमवार

भोपाळमधल्या कारखान्याच्या टाउनशिपच्या कॉलेजात तक्रार समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून आज प्रथमच बसलो, आणि त्या बसण्याबद्दलच माझी पहिली तक्रार आहे. खुर्ची परीक्षेची, तिची लिहायची फळी डाव्या हाताला. पाठशाळेत उजव्या हाताने आचमन करत वाढलेल्या माणसावर हा घोर अन्याय. प्राचार्यांना सांगितलं. म्हणाले, "एडजस्ट कर लीजिए, पंडितजी." न्यायदानाचं सूत्र पहिल्याच मिनिटाला हाती आलं.

प्रकरण असं. होळीमिलनात पोरं माइकवरून एकमेकांना टायटलं, म्हणजे थट्टेची बिरुदं, देतात. इथला जुना रिवाज. आपल्या मराठी मंडळात ते काम माझ्याकडे असतं. यंदा कॉलेजात अंशुल दिघेने पहिल्या वर्षाच्या सरिताला दिलं: 'नाइट शिफ्ट की रानी'. तिचे वडील कारखान्यात क्रेन चालवतात. ती कोचिंगहून शेवटच्या बसने आनंद नगरला परतते. एवढंच. हॉल हसला. तेव्हापासून ती वर्गात शिरली की मागून कुणीतरी तोंडाने कारखान्याचा भोंपू वाजवतं. रोज.

वद्य अष्टमी, बुधवार

सरिताचं म्हणणं ऐकलं. आवाज बारीक, नजर सरळ.

"टाइटल पर तो मैं भी हँस दी थी, सर. सबके सामने और क्या करती? पर भोंपू रोज़ बजता है."

अध्यक्ष शुक्ला मॅडम, केमिस्ट्रीच्या. "कौन बजाता है, बेटा?"

"पीछे से. सब."

"नाम?"

तिने नकारार्थी मान हलवली. प्राचार्यांनी (सदस्य नव्हेत, पण बोलतात तेच) पेनाला टोपण लावलं.

वद्य नवमी, गुरुवार

आज अंशुलची पाळी. मंडळातलं पोर, नकला फार छान करतं, मला आवडतं. हे समितीला आधीच सांगून टाकलं.

"काका, टायटलं तर तुम्ही पण देता."

"मी माझ्याच वयाच्या दामल्यांना देतो. दामले उलट मला देतात."

"मग तिनेही द्यायचं ना. मी कुठे रोकलं?"

भोंपू आपण वाजवत नाही म्हणाला. "टायटल माझं. बाकी सगळी पब्लिक." खरं बोलत असावा. पंचाईत तीच. धूर दिसला की अग्नी मानावा, हे न्यायशास्त्रात शिकलो. इथे वर्गभर धूर, आणि विस्तव कुणाकडेच नाही.

संध्याकाळी त्याची आई आली. "भावजी, एका वाक्यापायी पोराचं वर्ष घालवू नका." चहा न घेता गेली. सुधा कप उचलताना म्हणाली, "अहो, त्या मुलीच्या आईला कुणी चहा विचारला का?"

वीस वर्षं पेपरात लिहीत आलो की कुणाचं वाक्य अडवू नये. अजूनही तेच वाटतं. पण रोजचा भोंपू हे वाक्य आहे का? या आठवड्याच्या 'भोपाळपत्र' सदरात हे लिहिता येत नाही, गुप्ततेच्या कागदावर सही केलीय. पाणीटंचाईवर लिहिलं. पुन्हा.

वद्य त्रयोदशी, सोमवार

निकाल प्राचार्य टाइप करूनच घेऊन आले. टायटलं कायमची बंद. यापुढे माइकवर जे बोलायचं ते तीन दिवस आधी लिहून मंजूर करून घ्यायचं. भित्तिपत्रकाचंही तेच. अंशुलला ताकीद. आणि भोंपू? 'वर्गात शिस्त राखावी.'

म्हटलं, माइकबद्दल कुणाची तक्रार होती? भोंपू वाजतो तेव्हा वर्गात शिक्षक असतात ना, त्यांच्या कानाला काय झालं?

"आप ठहरे पत्रकार. बात का बतंगड़ बनाना..."

शुक्ला मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी वेगळं मत लिहून दिलं, चार ओळी. फाइलीत गेलं.

चैत्र शुद्ध द्वितीया, शुक्रवार

काल पाडवा. श्रीखंड, झोप. आज कॉलेजच्या गेटवर सरिता.

"सर, मैंने भोंपू बंद करने को कहा था. माइक नहीं."

नव्या नियमाच्या भानगडीत फेअरवेल रद्द झालं, आणि ते हिच्यामुळे असं पोरं म्हणतात. मुलीही डब्याला हाक मारत नाहीत. भोंपू थांबलाय का, विचारलं.

"हाँ. अब कोई कुछ नहीं बोलता. मतलब, कुछ भी नहीं."

शुद्ध षष्ठी, मंगळवार

शुक्ला मॅडमचा फोन. सरिता शनिवारपासून आलेली नाही. वडील ऑफिसात येऊन दाखला कसा काढायचा ते विचारून गेले.

दुपारी अंशुल घरी. मान खाली.

"काका, मी तिला सॉरी म्हणणार होतो. माइकवरच, जिथे बोललो तिथेच. ऑफिसवाले म्हणतात, मजकूर तीन दिवस आधी द्या."

"दिलास?"

"दिला. 'विचाराधीन' आहे."

हसू आलं आणि ते पुरतं आलंही नाही. म्हटलं, माइक राहू दे, तिच्या घरी जा. म्हणाला, "तिचे पापा मारतील." मारतीलही.

उद्या आनंद नगरला मीच जाईन म्हणतो. काय सांगू? परत ये, आता सगळे बोलतील तुझ्याशी? ते कुठल्या समितीच्या हातात आहे?

सुधाला सांगितलं नाही ते इथे लिहितो. दाखल्याचं ऐकलं तेव्हा क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, की चला, मिटलं. प्राचार्यांनाही तसंच वाटलं असणार, वर्गालाही. ती आली नाही तर आम्हा सगळ्यांनाच बरं वाटेल, याची मला भीती वाटते.