होडीचं मॅटिंग

११ जानेवारी २००३, शनिवार
आज दुकानात होडीचं मॅटिंग विचारायला गिऱ्हाईक आलं. होडीचं! मुरबाडात! आजवर जीपच्या तळाला मॅटिंग अंथरलं, टेम्पो केले, सहा आसनी रिक्षा केल्या. होडी नाय.

देवरुखकर बाई. ठाण्याच्या शाळेत गणित शिकवायच्या, आता रिटायर. वैशाखऱ्याच्या पुढे धरणाच्या पाण्याला लागून घर. नवऱ्याने चार वर्षं खपून शिडाची होडी बांधली, पाण्यात घातली, आणि दोन महिन्यांत स्वतःच गेला. बाई ती एकट्या चालवतात. दिवाळीत आत घसरल्या, मनगट मोडलं.

"कॉकपिटला काहीतरी घाला," म्हणाल्या. मी म्हटलं, कॉकपिट विमानाला असतं. त्यांनी माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं बघितलं. होडीत बसून सुकाणू धरायचा जो खोलगट भाग, तो म्हणे कॉकपिट.

जाताना म्हणाल्या, "पुन्हा पडले तर मुलगा होडी विकणार आहे. विचार करून घाला."

अरे देवा.

१२ जानेवारी
मापं घेतली. कॉकपिट आमच्या मोरीएवढं. होडी काठाला बांधलेली असून हलते! मी रांगत टेप लावली. बाई काठावरून — "भरत, टेप उलटी आहे."

१५ जानेवारी
लिनोलियम नेलं. फुलाफुलांचं, झकास. बाईंनी त्यावर बादली ओतली, म्हणाल्या, "चाला." चाललो. एकच पाऊल.
ललिता शेक देताना नुसती हसत होती. लग्नाला अकरा वर्षं झाली, एवढी कधी हसली नव्हती.

१९ जानेवारी, रविवार
म्हशाच्या जत्रेत गेलो. लोक बैलांचे दात बघत होते, मी पायपुसणी. हिरव्या गवतासारखी प्लास्टिकची चटई घेतली. ललिता — "आवो, जत्रेत बायकोला बांगड्या घेतात!"

२४ जानेवारी
गवत फेल. पाणी धरून बसतं. चार दिवसांत बेडकाचा वास.
मग जीपचं काळं रबर टाकलं. पकड एक नंबर! पण बाराच्या उन्हात बाई अनवाणी उतरल्या आणि तव्यावरच्या पापडासारख्या उडाल्या. चप्पल घाला म्हटलं तर — "पायाला होडी कळावी लागते, भरत." काथ्या अंथरला तर गुडघे सोलले. "शेणाने सारवून देऊ का?" मी विचारलं. "आधी पोहायला शिका," बाई.

तेवढ्यात मुलगा आला ठाण्याहून. चकचकीत बूट. आत डोकावला, म्हणाला, "आई, हे काय दुकान मांडलंयस? मी मार्चमध्ये गिऱ्हाईक आणतोय. तू पडायची वाट कशाला बघू?"
बाई दोरी गुंडाळत होत्या. एक वेढा चुकला, सोडला, परत घातला. परत चुकला. गणिताच्या बाई!
मी इतके दिवस मजेवारीच नेत होतो. आज माझीच लाज वाटली.

२८ जानेवारी
ललिताने सोडवलं! दुकानातले होते नव्हते तेवढे तुकडे तिने मोरीत अंथरले, वर साबणाचं पाणी ओतलं, लुगडं खोचून एकेकावर उभी राहिली. "हा सरकतो. हा टोचतो. ह्याच्याखाली पानी साचतं. हा — हा बरा हाय रे बाबा!"

एमआयडीसीत मशीनपुढे टाकतात ते राखाडी रबर. जाड, भोकाभोकांचं, वर बारीक पुटकुळ्या. पाणी भोकांतून खाली, तिथून होडीच्या निचऱ्याला. फिकट, म्हणून तापत नाय. गुडघे टेकले तरी मऊ. मी अख्खं कापायला घेतलं तर ओरडली — "तीन तुकडे करा! अख्खं धुवायला उचलंल कोन? बाईचा हात मोडलेला नाय का?"
मी अठरा वर्षं धंद्यात आहे. ती मोरीत पाच मिनिटं होती.
मग म्हणाली, "मला बघायचीय ती होडी." मी म्हटलं, बायकांचं काय काम तिथं. बोलून झाल्यावर आठवलं, होडी कुणाची आहे ते.

२ फेब्रुवारी, रविवार
तीन तुकडे बसवले. काठांना फट सोडली, निचऱ्याचं भोक मोकळं ठेवलं. बाईंनी आम्हा दोघांनाही आत घेतलं.
मधोमध गेलो आणि वारा आला. होडी एका अंगावर! मी खाली बसून खांब कवटाळला, माहीत होते तेवढे देव बोलावले, मग पाण्यात ओकलो. वर बघितलं तर बाई तिरक्या होडीत सरळ उभ्या. अनवाणी. घरच्या ओट्यापुढे उभ्या असाव्यात तशा. ललिता पण उभी! तिच्या हातात बाईंनी शिडाची दोरी दिलेली. "ओढ गो! आता सोड!" बाईंच्या तोंडी "गो" — आमच्यात राहून शिकल्या.
उतरताना मला म्हणाल्या, "पाय ठरतो, भरत."
एवढंच. पण कुठल्या जीपवाल्याने असं कधी म्हटलं नाय.

२ मार्च, रविवार
मुलगा गिऱ्हाईक आणि टेम्पो घेऊन आला. होडी उचलायला मला दुकानातून उचललं. जाऊन बघतो तर काठावर होडीच नाय. पार मधोमध, शीड फुगलेलं. हाका मारल्या, हॉर्न वाजवला. बाईंनी छान हात हलवला. तीन तास! गिऱ्हाईक वैतागून निघून गेलं.
ललिता सकाळच्या एसटीने माहेरी गेली होती. म्हणजे मला तसं सांगून. होडीत सुकाणूवर होती ती.
मुलाने डोळ्यांवर हात धरून विचारलं, "ती दुसरी बाई कोण?"
मी म्हटलं, "ओळखत नाय."