साडेसहाशे वॅटचं खोकं

वर्षा,

ऊसतोडीची गाडी लवकरच आली. तू झोपलीवतीस, म्हणून उठवलं न्हाई.

तू जोडतीयास त्या गेमच्या कम्प्युटरचा पावर सप्लाय कपाटावर हाय. तू साडेचारशे वॅटचा म्हणलीवतीस. दुकानदाराला सांगितलं, "पोरीला पुढं मोठं ग्राफिक कार्ड बसवायचंय." तो म्हणला, "मग साडेसहाशेचा न्या. खोकं चेपलंय, म्हणून सवलतीत देतो." आतला माल कोरा हाय, पाच वर्षांची वॉरंटी हाय.

परवा मी 'रिकामा नाद' म्हणलो, ते तुला लई लागलं. माझं चुकलं.

बाकीचं सामान सवडीनं जमव. कम्प्युटर चालू करायच्या आदल्या दिवशी राती आईच्या फोनवर सांग, तवा आम्ही दोघं तळावर असतो. दिवसा उसाच्या फडात रेंज नसती, व्हिडिओ कॉलसाठी मी सडकेवर येऊन थांबीन. मला बघायचंय.

— आबा