माझ्या नीरफणसाच्या कोंबाबाबत

माझ्याच झाडाखाली बसायला आईनं तिकीट काढायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज मरणाचा कागद लिहितानाही पटत नाही. एव्हर्टन, तू माझा थोरला भाऊ आणि ते झाड ज्या बंगल्याच्या आवारात आहे तिथला गाइड. हा कागद आधी तूच वाचशील, म्हणून तुलाच सांगतो.

मी केमार पिनॉक, वय चोवीस, राहणार सेंट मेरी, जमैका, सध्या कॅनडात सफरचंदं तोडायला. डोकं ठिकाणावर आहे, प्यायलेलो नाही, मागे उभं राहून कुणी लिहवून घेत नाही. गेल्या आठवड्यात आमच्या खोलीतला रॅन्सफर्ड शिडीवरून पडून गेला. त्याला कुठे पुरायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं तसं होऊ नये.

माझी सायकल शेजारच्या डेझरीला. ब्रेक लागत नाहीत, हे तिला आधी सांगा. डॉमिनोचा डबा तुला, लबाडी करतोस तरी. बूट ज्याच्या पायाला येतील त्याचे. बँकेत असेल ते सगळं आईचं, म्हणजे हायसिंथ पिनॉक हिचं.

राहिलं झाड. आई बंगल्यावर कपडे धुवायची तेव्हा मागच्या खोलीत मी जन्मलो. तिनं माझी नाळ तिथेच पुरली आणि वर नीरफणस लावला. आपल्यात नाळेवरचं झाड त्या मुलाचंच. पुढे बंगल्याचं संग्रहालय झालं, मागच्या खोल्या पाडल्या, झाड कुंपणाच्या आत राहिलं. माझा पाय घरात ठरत नाही, म्हणून आई झाडाशी बोलते. म्हणते, "हा तरी जागचा हलत नाही."

गेल्या नाताळात मी तिच्याबरोबर तिकीट काढून आत आलो. दिवाणखान्यातल्या मोठ्या तैलचित्रापुढे तू पाहुण्यांना सांगत होतास, "बाग पुन्हा हुबेहूब या चित्रासारखी करणार आहोत. चित्रात नाही ते सगळं निघेल." खिडकीतून माझ्या झाडावर मारलेला लाल पट्टा दिसत होता.

आई म्हणाली, "चित्रात मीही नाही रे बाबा. मला कधी तोडताय?"

पाहुणे हसले. तू तिच्या कानाशी लागलास, "आई, नोकरी जाईल माझी."

"तुला कोण बोलतंय? मी चित्राशी बोलतेय."

 घरी आल्यावर तिनं भाकरी तव्यावर जाळली.

झाड कागदोपत्री संग्रहालयाच्या ट्रस्टचं, एवढं मला कळतं. ते मी कुणाला देऊ शकत नाही. पण ओढ्याकडच्या मुळाला कोंब फुटलाय, आईनं फोनवर सांगितलं. तोही चित्रात नाही, म्हणजे तुझ्याच तोंडच्या नियमानं निघणारच. तो कोंब मी आईला देतो. मुळाच्या तुकड्यासकट काढ, ओल्या गोणपाटात गुंडाळ, आपल्या चुलीजवळच्या खिडकीसमोर लाव.

मी इथे मेलो तर इथेच पुरा. विमानाचा खर्च नको. आईला रडायला तो कोंब पुरे.

येत्या जानेवारीत झाडावर कुऱ्हाड पडणार, म्हणून हे एक कलम माझ्या मरणासाठी थांबवू नका. आजच लागू धरा. गाइडचा बिल्ला घरी ठेव, एव्हर्टन. या वेळी आईच्या बाजूनं, तिकीट काढून आत जा.

साक्षीदार: ऑस्बर्न टलक (अंगठा, सगळं वाचून दाखवलं, तो दोनदा "बरोबर" म्हणाला), लिनव्हल मॉरगन (सही).
सही: केमार पिनॉक. मजुरांची खोली, ओंटारियो, ८ ऑक्टोबर २०२३.

सोबत तुझ्या नि आईच्या तिकिटाचे, गोणपाटाचे आणि गाडीभाड्याचे मिळून आठ हजार जमैकन डॉलर.