पाटी तिरकी आहे

सोमवार, ३ मार्च

गेली पाटी! अर्धीच गेली!

सभागृहाची ऑर्डर होती — ‘शांतता परिषद’. नवा पत्रा मिळेना, म्हणून वाचनालयाने परत केलेली जुनी ‘शांतता राखा’ काढली. ‘शांतता’ तीच, फक्त ‘राखा’ पुसून ‘परिषद’ लिहायचं. ‘शांतता’वर रंगाचा ताजा हात मारला आणि वाळेपर्यंत वर जेवायला गेलो. तेवढ्यात सभागृहाचे व्यवस्थापक आले. दुकानात ही होती, तिने पाटी देऊन टाकली. मला विचारायचं तर बोलावं लागलं असतं!

आमचा अबोला चालू आहे. कारण चिरंजीव. तो सीमेवर. त्याची रजा रद्द झाली तेव्हा मी म्हणालो, ‘देशाचं काम आहे, त्यात एवढं काय?’ तेव्हापासून ही फक्त बोक्याशी बोलते. ‘बोक्या, सांग रे त्यांना, चहा गार होतोय.’

मंगळवार, ४ मार्च

सभागृहात आपली आणि सीमेपलीकडची, दोन्ही देशांची शिष्टमंडळं आली. व्यासपीठावरची पाटी वाचली आणि बसली. गप्प! आपले मिशीवाले मंत्री इकडे, त्यांचे चष्मेवाले तिकडे. आपल्यांना वाटतं ही अट त्यांनी घातली, त्यांना वाटतं आपण. जो आधी तोंड उघडेल त्यानेच शांतता मोडली! दिवसभर हाताची घडी, तोंडावर बोट. चहावाला सांगत होता, मिशीवाल्यांनी बिस्किटसुद्धा बुडवून बुडवून खाल्लं — कुर्रकन आवाज झाला तर?

बुधवार, ५ मार्च

पेपरात मथळा — ‘बोलणी अत्यंत शांततेत सुरू’. एकट्यानेच हसावं लागलं.

शुक्रवार, ७ मार्च

व्यवस्थापक दुकानावरून जाताना थांबले. म्हणाले, ‘ठरलंय असं, की बोलणी संपेपर्यंत दोन्हीकडच्या तोफा बंद.’

ते गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. बोलणी सुरूच झाली नाहीत, तर संपणार कशी?

सोमवार, १० मार्च

टीव्हीवर तज्ज्ञ सांगत होते, ‘जागतिक सुरक्षेचा हा नवा पाया आहे.’ पाया कसला — वाचनालयाचा गंजका पत्रा! आणखी दोन भांडणाऱ्या देशांकडून पाट्यांची विचारणा आलीय. जरा मोठी हवी म्हणे, आमचं भांडण जुनं आहे.

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. मी स्पीकरवर लावला, ही दाराआडून ऐकत होती. ‘बाबा, इथे इतकं शांत आहे की झोपच लागत नाही. असंच राहिलं तर पुढच्या आठवड्यात रजा मिळेल म्हणतात.’

असंच राहिलं तर! म्हणजे पोराची रजा माझ्या अर्धवट पाटीवर टांगलेली. भीती वाटली मला. देशाचं काम वगैरे काही आठवलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

आज व्यवस्थापकांनी पाटी वाचली! स्वतः टांगली होती, वाचली आज. ‘अहो, निमंत्रणावर परिषद आणि पाटीवर राखा? उद्या सकाळी दुरुस्त करा. फोटो निघायचेत.’

घरी येऊन बोक्याला म्हणालो, ‘सांग रे तिला, उद्या राखा पुसायचंय. मग ते बोलणार. बोलले की भांडणार. भांडले की —’

बोका निघून गेला. ही हात पुसत आली, माझ्याकडे बघून म्हणाली, ‘रंग संपला म्हणून सांगा.’

सरळ माझ्याशी! रडूच आलं मला.

बुधवार, १२ मार्च

रंग संपला म्हणालो. व्यवस्थापकांच्या हातात डबा तयार! झक मारत शिडीवर चढलो. सगळं सभागृह माझ्याकडे बघतंय. ब्रश टेकवणार, तोच मागून चष्मेवाले — ‘पाटी तिरकी आहे. डावी बाजू खाली आलीय.’

संपलं! बोलले!

मिशीवाले उठलेच. ‘डावी नाही, उजवी!’

‘तुमचं बसणंच तिरकं आहे!’

‘आणि तुमचं बघणं!’

इतक्या दिवसांचं साठलेलं ते, धडाधड बाहेर पडलं. टेबलावर मुठी आपटायला लागल्या. मी डबा तिथेच टाकून पळालो.

हिला सांगितलं — बोलणी सुरू झाली, म्हणजे आता संपणारही. पाटी सरळ झाली की हा वाद मिटेल, मग खऱ्या भांडणाला हात घालतील आणि उठून जातील. हिने चहा पुढे ठेवला, बोक्याला न सांगता. मग म्हणाली, ‘तिरकी आहे ना? मग तिरकीच ठेवा.’

शनिवार, १५ मार्च

रोज सकाळी शिडी. काल डावी बाजू बोटभर वर घेतली. चष्मेवाले खूश, मिशीवाले खवळले. आज उजवी घेतली. राखा पुसायचं कुणाला आठवतही नाही.

व्यवस्थापक चारचौघांत ओरडले, ‘एक पाटी सरळ लावता येत नाही! नावाचे पेंटर!’ सगळीकडे नाचक्की झाली माझी. होऊ दे. ते तिरकेपणावर तावातावाने बोलताहेत, तोफा गप्प आहेत. आणि घरी ही इतकी बोलते की बोका वैतागलाय.

शुक्रवार, २१ मार्च

आला! पाठीवरची पिशवीही न उतरवता दारातच थांबला. म्हणाला, ‘बाबा, आपली नावाची पाटी तिरकी झालीय,’ आणि सरळ करायला हात वर केला.

आम्ही दोघं एकदम ओरडलो — ‘राहू दे!’